सुपडू, नथू आणि माल्कम

१८८० साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला. तो खानदेशाचा. तापीचं खोरं, कपाशी, किल्ले, बाजारपेठा, जाती-जमाती असं सगळं त्यात बारकाईनं नोंदवलेलं आहे. संपादक होते जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल, स्कॉटलंडातल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. त्याच वर्षी २४ ऑगस्टला जळगावजवळच्या असोद्यात उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं बहिणा. पुढे तिचं लग्न नथुजी चौधरींशी झालं आणि आणखी पुढे, तिच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्रानं तिला बहिणाबाई म्हणून ओळखलं.

वरच्या परिच्छेदातल्या तीन पुरुषांच्या नावांकडे जरा थांबून बघावं. उखा हे नाव आपल्याकडे उखर्डूच्या कुळातलं मानलं जातं, म्हणजे उकिरड्यावरचा. नथू म्हणजे नाक टोचून ज्याला नथ घातली तो. आणि कॅम्पबेल? स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'काम' म्हणजे वाकडं आणि 'बेल' म्हणजे तोंड. साहेबाचं घराणं वाकडतोंड्यांचं. तिघांची नावं एकाच पंगतीला बसावीत अशी आहेत. पण आज कॅम्पबेल आडनावाचा माणूस ते ऐटीत सांगतो आणि जळगावातला एखादा नातू आजोबांचं नाव सांगताना अडखळतो. कॅमेरूनचंही तेच. त्याचा अर्थ वाकड्या नाकाचा, आणि त्या नावाचा माणूस २०१० ते २०१६ ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याच्या नाकाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा नावाची लाज अर्थातून येते हे खरं नाही. ती दुसरीकडून येते. कुठून, ते बघण्याआधी ही नावं मुळात का ठेवली जात हे नीट सांगायला हवं, कारण आजच्या पिढीला ते निव्वळ अडाणीपण वाटतं.

खानदेशातली जुनी मतदार यादी काढावी. सुपडू, दगडू, धोंडू, भिका, भिकन, उखर्डू, शेनफडू, धुडकू, चिंधू, नथू, झिपरू, फकिरा, मांगो, लोटन, कौतिक, आधार. धुळ्याकडे अहिराणी मुलखात एक बोली, जळगावच्या पूर्वेला लेवा पाटीदारांची दुसरी; पण नावांची ही पोतडी दोन्हीकडे जवळपास सारखी. यातलं एकेक नाव म्हणजे एकेक कृती आहे. पहिली दोन-तीन लेकरं दगावली की पुढच्याला जगवण्यासाठी ती कृती करायची. सुईण नाळ कापून झाल्यावर बाळाला उचलायची आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवायची. मागोमाग कोणी बाई, बहुतेक आत्या नाहीतर शेजारीण, ते 'सापडलेलं' पोर उचलून दारात आणायची आणि बाळंतीण तिच्याकडून ते मूठभर ज्वारी देऊन विकत घ्यायची. झाला उखर्डू. कुठे पोराला सुपात निजवायचं आणि सूप उंबऱ्यापर्यंत ओढत न्यायचं; पाखडून टाकलेल्या फोलपटाबरोबर आलेलं हे काहीतरी, असा देखावा. झाला सुपडू. पाच घरच्या मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घातलं तर चिंधू, धुडकू. पदर पसरून मागितला तर भिका, भिकन, मांगो. शेणात टाकला तर शेनफडू. मुलगा असून नाक टोचून मुलीसारखा वाढवला तर नथू. देशभर कुप्रसिद्ध झालेल्या एका नथूची जन्मकथा हीच आहे. आधीचे भाऊ गेलेले, म्हणून रामचंद्र नावाच्या मुलाला नथ घातली आणि तो कायमचा नथुराम झाला. पिराला बोलून ठेवलेला तो फकिरा. जावळ न काढता नवस फिटेपर्यंत केस वाढवलेला तो झिपरू; नशिराबादच्या झिपरू अण्णा महाराजांमुळे तर या नावाला जळगाव भागात देवपणही आलं.

हे सगळं कशासाठी? पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येऊन कपाळी काय ते लिहून जाते. नाव त्यानंतर, बाराव्या दिवशी. म्हणजे नशीब आधी लिहून झालेलं असतं आणि आईच्या हातात उरतं ते फक्त नाव. त्यातूनच तिला जी काय पळवाट काढायची ती काढायची. पोर सुंदर आहे, हवंहवंसं आहे, हे ज्याला कळू नये त्याला कळू द्यायचं नाही. हे पोर नव्हेच, दगड आहे. हा माझा नाहीच, उकिरड्यावर मिळाला. हा मुलगा नाही, नथ बघा. आई मृत्यूशी धादांत खोटं बोलत असते, आणि ते खोटं आयुष्यभर टिकावं म्हणून ते पोराच्या नावातच घालून ठेवते.

ही अंधश्रद्धा होती. ती नव्हती असं सिद्ध करायला मी बसलेलो नाही. पण शंभर वर्षांपूर्वी या देशात हजार बाळं जन्मली की त्यातली दोनशेच्या आसपास पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. आज महाराष्ट्रात तो आकडा विसाच्या खाली आलेला आहे. खानदेशानं १८९९-१९००चा दुष्काळ पाहिला, त्याच्या आगेमागे प्लेग पाहिला, १९१८चा इन्फ्लुएंझा पाहिला. बहिणाबाईंच्या मुलाला, ओंकारला, प्लेगनं जन्माचं अपंग केलं. बहुतेक रोगांवर लस नव्हती, क्षारपाणी ठाऊक नव्हतं, डॉक्टर तालुक्याच्या गावीही असेलच असं नाही. अशा वेळी हातात असलेली एकमेव गोष्ट वापरणाऱ्या बाईला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तिनं ताप उतरवण्याचं औषध टाकून देऊन नाव ठेवलेलं नव्हतं. औषधच नव्हतं, म्हणून तिनं नाव ठेवलं.

आणि असं करणारी ती एकटी नव्हती. चिनी खेड्यात पोराला 'कुत्र्यानं उरवलेला' असं म्हणत. नायजेरियातल्या योरुबा लोकांत पुन्हा पुन्हा जन्मून मरणाऱ्या लेकराला 'मालोमो' म्हणत, म्हणजे आता पुन्हा जाऊ नकोस. किंवा 'कोकुमो', म्हणजे हा आता मरायचा नाही. आपला दगडू आणि त्यांचा कोकुमो एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांच्या आयांना एकमेकींचं बोलणं लगेच कळलं असतं.

कॅम्पबेल साहेबांना अशा समजुतींची फार उत्सुकता होती. भुतंखेतं, दृष्ट आणि त्यांवरचे लोकांचे उपाय यांवर त्यांनी १८८५ साली एक स्वतंत्र पुस्तकच छापलं. त्यांच्या स्वतःच्या मुलखातल्या नावांमागेही काय काय दडलंय हे त्यांना ठाऊक असणारच.

कारण तिकडचं सगळ्यांत मानाचं नाव घ्यायचं तर माल्कम. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या वाचकाला हे नाव माल्कम मार्शलमुळे ठाऊक, १९८३च्या कानपूर कसोटीत गावसकरांच्या हातातली बॅट उडवणारा. इतिहास वाचणाऱ्याला ते सर जॉन माल्कममुळे ठाऊक. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावानं ज्याच्या हाती स्वतःला सोपवलं, तो हा माल्कम. असीरगड म्हणजे खानदेशात उतरायच्या जुन्या खिंडीवरचा किल्ला; पेशवाई संपली ती आमच्या उंबऱ्यावर. पुढे हा माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरात त्याच्या नावची माल्कम पेठ वसली. त्याचं ते आडनाव होतं, पण मुळात माल्कम हे पाळण्यातलं नाव. स्कॉटलंडच्या चार राजांचं.

त्याचं जुनं रूप 'माएल कोलुम'. कोलुम म्हणजे संत कोलंबा. इसवी सन ५६३ मध्ये आयर्लंडहून निघून स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या आयोना बेटावर मठ स्थापणारा आणि ५९७ मध्ये तिथंच देह ठेवणारा. लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ कबुतर. आणि 'माएल' म्हणजे बोडका, डोकं भादरलेला. संन्याशाचं मुंडन करतात त्या अर्थानं, म्हणून सेवक, भक्त. तर या राजघराण्याचं नाव काय? कबुतरबाबाचा बोडका चेला. चार राजे, चौघेही बोडके चेले. गेलिक लोकांना संताचं नाव पोराला थेट चिकटवणं हे पायरी सोडल्यासारखं वाटे, म्हणून आधी 'माएल' किंवा 'गिल्ला' लावायचं. गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक, गिलमोर म्हणजे मेरीचा.

आपल्याकडे ही भीड नाही. देविदास, रामदास, भगवानदास आहेत, पण त्याहून जास्त आहेत थेट नामदेव, सोपान, चांगदेव, मुक्ताई. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, आणि तालुक्याचं नाव एदलाबादचं बदलून मुक्ताईनगर झालं. या परिसरात पोराचं नाव चांगदेव ठेवणं म्हणजे गावच्या पत्त्यावर पोराला बसवणं. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे जेव्हा चार कादंबऱ्यांच्या नायकाला चांगदेव पाटील म्हणतात तेव्हा ते नाव कल्पनेतून काढत नाहीत, उचलून आणतात. बहिणाबाईंनीही मुलाचं नाव सोपानदेव ठेवलं. त्याच सोपानदेवांनी आईच्या ओव्या जपल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकात आल्या. शिवाय आपल्याकडे देवाचं नाव ठेवून मग अंगणातून हाक मारायची ती 'ए ईठ्या', 'ए नाम्या'. आयोनाच्या मठात हे खपलं नसतं.

आता बोडक्या माल्कमला झिपरूच्या शेजारी उभा करा. एकाचे केस संतासाठी उतरवलेले, दुसऱ्याचे देवीसाठी राखलेले. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत धुळ्यात पांझरेकाठी एकवीरेच्या देवळाशी जावळ उतरवायला जी गर्दी होते, ती पाहिली की दोन्ही प्रथांत अंतर किती कमी आहे ते कळतं. आजीच्या मांडीवर बसून टाहो फोडणारं ते पोर, वस्तऱ्याला धार लावणारा कारागीर, ओल्या टाळूवर फासलेली हळद आणि केस वरच्या वर झेलायला पदर पसरून बसलेली आत्या. फरक इतकाच की इकडे मुंडन ही एका दिवसाची गोष्ट राहिली आणि तिकडे तिचं नाव झालं. केस देवाला द्यायचे, पोर आपल्याकडे ठेवायचं, व्यवहार तोच.

तरीही सुपडू आणि माल्कम यांत एक मोठा भेद आहे आणि माझं म्हणणं त्या भेदावर उभं आहे. नावाचा शब्दार्थ काय, यापेक्षा ते कोणाच्या कानावर घालायचं आहे हे जास्त महत्त्वाचं असतं. माल्कम हे नाव संताला ऐकवायचं होतं: हा तुझा, सांभाळ. सुपडू हे नाव मृत्यूला ऐकवायचं होतं: हा तुझ्या कामाचा नाही, जा. दोन्हीकडे मधल्या माणसांना, शेजाऱ्यांना, गावाला त्या नावातून काही सांगायचं नव्हतं. म्हणून गावही ते नाव कोणाच्या तोंडावर फारसं उच्चारत नसे. खानदेशात मोठ्या माणसाला नावानं हाक मारतो कोण? तो आप्पा असतो, नाना असतो, आबा, बापू, तात्या, जिभाऊ असतो. 'तुनं नाव काय शे?' असं अहिराणीत विचारलं तर पोरगं खरं नाव सांगेल. पण तेच पोरगं चाळिशीला पोचलं की भाचे-पुतण्यांना मामाचं, काकाचं खरं नाव कागदावरच कळतं.

घोटाळा झाला तो कागदामुळे. नाव शाळेच्या हजेरीत गेलं, सातबाऱ्यावर गेलं, कोर्टाच्या पुकाऱ्यात गेलं. मृत्यूसाठी ठेवलेलं नाव तलाठी, मास्तर आणि फौजदार वाचू लागले, आणि त्यांच्या कानाला ते दरिद्री लागलं. लाज इथून आली. तीही सगळ्यांना सारखी नाही. धोंडा तोच, पण तो कोणाच्या घरात पडला यावर त्याचं वजन ठरलं. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरात तो धोंडो झाला. धोंडो केशव कर्वे भारतरत्न झाले आणि 'तुमचं नाव असं कसं' असं त्यांना कोणी विचारलं नाही. पेठेत तो दगडूशेठ झाला. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गाजलेल्या गणपतींपैकी एक आज एका दगडूच्या नावानं ओळखला जातो आणि कोट्यवधी माणसं ते नाव हात जोडून घेतात. कुणब्याच्या घरी तो धोंडू, धोंडिबा. आणि गावकुसाबाहेर धोंड्या, दगड्या. नावाला जी आणि राव लावायचं की या लावायचं हे बारशाला ठरत नव्हतं, ते वेशीवर ठरत होतं. सातपुड्यातल्या भिल्लांच्या नावांना तर सरकारदरबारी 'या' कायमचाच. १८५७ साली सेंधव्याच्या घाटात इंग्रजांना जेरीला आणणारा खाज्या नाईक आज आपल्या पुस्तकांत हुतात्मा म्हणून येतो, पण येतो तो खाज्या म्हणूनच. त्याला खाजेराव म्हणावं असं मला सुचवायचं नाही. तात्या टोप्यांच्या शेजारी छापताना त्याचं नाव वेगळ्या सुरात वाचलं जातं, एवढं ध्यानात आलं तरी पुरे.

दया पवारांनी हे सगळ्यांत धारदारपणे मांडलं. १९७८च्या 'बलुतं'मध्ये शिकलेला, नोकरदार दया पवार आणि दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर येतात. दगडू हा जणू सोडून आलेला भाऊ. उलट २०१४च्या 'टाइमपास' सिनेमात दगडू म्हटलं की हशा ठरलेला. प्राजक्ता या नावाच्या मुलीवर प्रेम करणारा दगडू, यातच अर्धी गोष्ट सांगून झालेली असते. थिएटरात मीही हसलो. पण त्या हशाचं कारण नावाचा अर्थ नव्हतं. ते नाव ऐकताच डोळ्यांसमोर येणारी वस्ती हे होतं.

या बाबतीत लग्नपत्रिका फार बोलक्या असतात. जळगाव-धुळ्याची नमुनेदार पत्रिका घ्यावी. वर, चि. वेदांत. त्याच्याखाली कंसात, कै. सुपडू उखा पाटील यांचे नातू आणि श्री. प्रकाश सुपडू पाटील यांचे चिरंजीव. तीन ओळींत शंभर वर्षं. उखाला उकिरड्यावर ठेवलं, कारण तेव्हा लेकरं मरत होती. सुपडूला सुपात घातलं, कारण तेव्हाही मरत होती, किंवा भीती अजून गेलेली नव्हती, किंवा रीत म्हणून. अशी नावं एकदा रुळली की नवस नसतानाही ठेवली जातात. प्रकाश स्वातंत्र्यानंतरचा, देवीची लस टोचलेला. त्याला मृत्यूपासून लपवायची गरज उरली नव्हती. वेदांतचं नाव मोबाइलवर शोधून काढलेलं. खानदेशातल्या बालमृत्यूंचा इतिहास कोणाला लिहायचा असेल तर त्यानं आरोग्य खात्याच्या फायलींबरोबर या पत्रिकाही जमवाव्यात. अलीकडे मात्र छापखान्यात सांगितलं जातं, 'सुपडू नको, कै. एस. यू. पाटील घाला.' दोन इंग्रजी अक्षरांत आजोबा उरकले.

आजच्या नावांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. आरव, विहान, अन्वी, रियांश. पाचोऱ्यात, पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच यादी. काही नावं चांगल्या संस्कृतची आहेत, काही संस्कृतसारखी ऐकू येतात. ही नावं बालवाडीतल्या बाईंना, सोसायटीतल्या शेजाऱ्यांना आणि परदेशातल्या व्हिसा खिडकीला ऐकवायची आहेत. मृत्यूशी किंवा देवाशी त्यांना बोलणं नाही. ज्या आईबापांना मृत्यूशी खोटं बोलावं लागत नाही, त्यांनी नावाची चैन करावी. त्यात वाईट काय?

पण एक बाजू सोडून पुढे जाता येत नाही. मृत्यूला चकवणारी म्हणून वर जी नावं सांगितली ती सगळी मुलांची. मुलींसाठीही दगडाबाई, धोंडाबाई होत्या. निजामाच्या रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळक्यांचं नाव मराठवाड्यात आदरानं घेतात. काही घरांत मुलगीही जगावी म्हणून तिला दगड म्हटलं गेलं असणार. पण मुलींच्या नावांत एक दुसरी जात आहे जी मुलांत सापडत नाही. नकोशी, नकुशी, नकुसा. तिकडे हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. ऐकायला दगडूइतकंच वाईट. दोन्हींत आई-बाप म्हणतात की हे आम्हाला नको. पण दगडूच्या नावात ते खोटं बोलतात आणि नकोशीच्या नावात खरं. दगडूत 'नको' म्हणून मृत्यूला फसवायचं असतं, नकोशीत 'नको' म्हणून देवाला निरोप द्यायचा असतो की आता बास, पुढचा मुलगा पाठव. ती मुलगी स्वतः त्या संभाषणात कुठेच नसते. तिच्या अंगावर चिकटवलेली ती एक चिठ्ठी, पत्ता दुसऱ्याच कोणाचा.

साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली. मुलींनी स्वतः नावं निवडली, वर्तमानपत्रांत फोटो आले. चांगलं झालं. पण खानदेशातला माणूस म्हणून मला त्या बातमीशेजारी त्याच वर्षीचा जनगणनेचा आकडा ठेवावासा वाटतो. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. राज्याची सरासरी ८९४. आमच्याकडे नकोशी फारशा सापडत नाहीत म्हणून पाठ थोपटून घ्यायची सोय नाही. नकोशी हे नाव ठेवायला मुलगी आधी जन्माला तर यावी लागते. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली; केंद्राचा कायदा १९९४चा. आणि त्यानंतरच्या दोन दशकांत, केळी, कापूस आणि सोन्याच्या पेढ्यांनी सधन झालेल्या या जिल्ह्यात, सोनोग्राफीच्या यंत्रानं ते काम उरकलं जे पूर्वी निदान नावावर भागत होतं. सुपातून ओढून लेकरू वाचवणाऱ्या आज्यांच्या नातवंडांनी हे केलं. अंधश्रद्धा गेली, यंत्र आलं, आणि 'नको' मात्र जिथल्या तिथं राहिलं. नकोशी हे क्रूर नाव होतं खरं, पण त्या नावाची बाई म्हातारी होऊन मतदार यादीत दिसते.

मुलीच्या नावाचं आणखी एक आहे. सुपडू मरेपर्यंत सुपडूच राहतो. त्याला वाचवायला ठेवलेलं नाव त्याच्या तेराव्यापर्यंत टिकतं. मुलीचं नाव, मग ते सोन्यासारखं का असेना, लग्नाच्या मांडवात ताटातल्या तांदळांत बोटानं नवं नाव रेखून पुसलं जातं. खानदेशात हे अजून होतं, आणि नवं नाव निवडतं ते सासर. पुष्कळ घरांतल्या आज्यांचं माहेरचं नाव नातवंडांना कधी कळतच नाही. बहिणाबाईंचं नाव टिकलं, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ते लागलं, ही त्यातल्या त्यात विरळा गोष्ट. आज तिथल्या पदवीच्या कागदावर उखाजींच्या मुलीचं नाव ठळक अक्षरांत असतं. तो कागद घेऊन जाणाऱ्या किती मुलींचं नाव दोन वर्षांनी दुसरंच झालेलं असतं, याची नोंद कुठल्या कार्यालयात होत नाही.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय घेतला की १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव सरकारी कागदांवर या क्रमानं लिहायचं: मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. मृत्यूशी खोटं बोलून लेकरू जगवणाऱ्या बाईचं नाव त्या लेकराच्या नावाला इतक्या वर्षांनी चिकटलं. पण याच निर्णयात विवाहित स्त्रियांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यांच्या बाबतीत चालत आलेली पद्धत पुढे चालू ठेवली आहे, विवाहानंतरचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव. फक्त मालमत्तेच्या दस्तऐवजात तिला लग्नाआधीच्या नावाची मुभा. म्हणजे लेकराच्या दाखल्यावर आईचं म्हणून जे नाव येईल, ते पुष्कळ घरांत तांदळात लिहिलेलंच असेल. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही, आणि हे विवाह नोंदणीच्या खिडकीवर तिला कोणी आपणहून सांगत नाही.